गिझरची झडप का गळते

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला, म्हणजे भोपाळात मोठ्या तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला धार चढते, पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास आणि एखाद्या पौषात त्याच्याही बराच खाली उतरतो, आणि उन्हाळ्यापासून न्हाणीघराच्या भिंतीवर निरुपयोगी लटकत राहिलेली पाणी तापविण्याची विजेची यंत्रे, ज्यांना आपण सारे गिझर म्हणतो, ती अरेरा कॉलनीपासून पिपलानीपर्यंत आणि शाहजहानाबादेपासून कोलार रस्त्यापर्यंत घरोघर जवळजवळ एकाच सुमारास चालू केली जातात. त्याच सुमारास एक तक्रारही उद्भवते. गिझरच्या खालच्या अंगाला, थंड पाण्याचा पाईप जेथे त्यात शिरतो तेथे, अंगठ्याएवढी एक पितळी वस्तू बसविलेली असते, आणि तिच्या बाजूच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागते. प्लंबरला बोलावणे जाते. तो वर पाहतो, पिशवीतून पाना काढतो, आणि पुष्कळदा थोड्याच वेळात ते छिद्र बुजवून टाकतो. ठिबकणे थांबते, मजुरी दिली जाते, आणि घरातील माणसे निश्चिंत मनाने स्नानाला जातात.

त्या छिद्राविषयी सविस्तर लिहावेसे वाटले ते एवढ्यासाठी की, ते बुजविणे ही घरगुती दुरुस्तीतील मला ठाऊक असलेली सर्वांत घातक गोष्ट आहे, आणि ती करणारा व करविणारा असे दोघेही सद्भावनेने, भिंत कोरडी राहावी एवढ्याच इच्छेने ती करीत असतात. ठिबकणारी झडप बिघडलेली असू शकते. परंतु तितकाच संभव असा की, झडप सर्वथा निर्दोष असून बिघाड अन्यत्र कोठे तरी आहे, किंवा बिघाड मुळीच नसून झडप आपले नेमून दिलेले काम करीत आहे. यांतला भेद ओळखावयास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. थोडे निरीक्षण, थोडा धीर आणि पाण्याच्या स्वभावाची जुजबी माहिती एवढे पुरते.

पाणी तापविण्याच्या आपल्या जुन्या साधनाला अशा झडपेची गरजच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात येऊन भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून बदलीचे हुकूम घेऊन जी मराठी कुटुंबे तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत राहावयास आली, त्यांपैकी कित्येकांच्या बिऱ्हाडात तांब्याचा बंब होता. मध्यभागी नळकांडे, त्यात गोवऱ्या, कोळसा नाही तर लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, वर सैल झाकण आणि खाली पितळी तोटी, एवढीच त्याची रचना. पाणी कितीही तापले, अगदी उकळ्या फुटल्या, तरी वाफ झाकणाखालून वाट काढी. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळते, आणि उघड्या भांड्यातले पाणी या मर्यादेपलीकडे तापूच शकत नाही. बंबाला पाणी हाताने ओतावे लागे, धुराने डोळे चुरचुरत, राख रोज काढावी लागे, आणि पोरासोरांचे हात त्याने पोळतही. परंतु आतल्या पाण्याचा बाहेरच्या हवेशी असलेला संबंध कधी तुटत नसे, आणि बंबाची सारी सुरक्षितता त्या एका गोष्टीत साठविलेली होती.

गिझरने नेमका तोच संबंध तोडला. त्याची टाकी वरपासून खालपर्यंत बंद असते. खालून थंड पाणी शिरते तेव्हाच ते वरच्या गरम पाण्याला पुढे ढकलते, आणि तोटी बंद असली तर आतल्या पाण्याला हलावयास जागा उरत नाही. आता पाणी तापले की फुगते. १५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापविले असता त्याचे आकारमान दीड टक्क्याहून थोडे अधिक वाढते. ही वाढ क्षुल्लक दिसते, पण १५ लिटरच्या टाकीत ती पाव लिटरच्या जवळपास, आणि २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ चारशे मिलिलिटर होते. हे जास्तीचे पाणी जाणार कोठे? हवा दाबली असता आकसते, पाणी जवळजवळ आकसत नाही. तोंडोतोंड भरलेल्या आणि मुळीच न ताणल्या जाणाऱ्या बंद भांड्यात, चाळीस-पन्नास अंशांच्या सुमारास, उष्णतामान केवळ एका अंशाने वाढले तरी तत्त्वतः दाब दर चौरस सेंटिमीटरला नऊ-दहा किलोग्रॅमनी चढतो. आणि आपल्याकडील साठवणीच्या बहुतेक गिझरांच्या टाक्या बनविलेल्या असतात त्याच मुळी ८ किलोग्रॅमच्या आसपासच्या दाबासाठी. प्रत्यक्षात टाकीचा पत्रा किंचित ताणतो, माथ्याशी थोडी हवा अडकलेली असते, म्हणून चढण इतकी उभी नसते. परंतु चढण असते, ती रोज सकाळी असते, आणि तिच्यावर उतारा म्हणून ती अंगठ्याएवढी झडप योजिलेली आहे.

ही झाली नित्याची गोष्ट. नैमित्तिक गोष्ट अधिक गंभीर आहे. पाणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट हा गिझरचा पहिला पहारेकरी होय. तो चुकला तर वीज कायमची तोडणारा औष्णिक कटआउट हा दुसरा. आणि विजेच्या या दोन्ही साधनांनी दगा दिला तर केवळ यंत्राच्या नियमाने, विजेच्या साहाय्यावाचून, काम करणारी झडप हा तिसरा. २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर सुमारे चोवीस मिनिटांत नेतो. थर्मोस्टॅटची टोके चिकटली, कटआउटही निकामी असला, तर तेच पाणी आणखी वीस मिनिटांत उकळबिंदूपाशी येते. बंबात ते तेथेच थांबले असते. बंद टाकीत थांबत नाही, कारण दाब वाढला की उकळबिंदूही वर सरकतो, आणि ८ किलोग्रॅमच्या दाबाखाली पाणी सुमारे १७५ अंशांपर्यंत पाणीच राहते. अशा अवस्थेत टाकी उसवली, तर दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा सुमारे सातवा हिस्सा तत्काळ वाफ बनतो. एका लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत १६०० लिटरांहून अधिक जागा मागते, हे ध्यानात घेतले म्हणजे लहानशा न्हाणीघरात काय होईल याची कल्पना येते. स्वयंपाकघरात ओट्यावर लावलेले ३ लिटरचे, ३ किलोवॉटचे तात्काळ गिझर आकाराने निरुपद्रवी भासतात. त्यातले पाणी २० अंशांवरून उकळबिंदूपर्यंत जावयास साडेपाच मिनिटेही लागत नाहीत.

बंद भांड्यातील वाफेचा हा धोका मनुष्याला फार पूर्वी कळला, आणि त्यावरचा उपायही त्याच सुमारास सापडला. देनी पापँ या फ्रेंच विद्वानाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे मांडले, ज्यात हाडेदेखील मऊ शिजत. आपल्या घरातला प्रेशर कुकर हा त्या भांड्याचाच वंशज होय. भांडे फुटण्याची धास्ती होतीच, म्हणून पापँने झाकणाला एक छिद्र ठेवले, त्यावर लहानसे बूच बसविले, आणि ते बूच वजन टांगलेल्या दांड्याने दाबून धरले. आतला दाब वजनापेक्षा वरचढ झाला की बूच उचलले जाई, वाफ निघून जाई, आणि दाब उतरताच बूच आपोआप जागेवर बसे. गिझरच्या झडपेत वजनाच्या ऐवजी पोलादी स्प्रिंग असते, बुचाच्या ऐवजी रबराची चकती असते, आणि तत्त्व तेच असते. जी गृहिणी कुकरची शिट्टी वाजू लागली असता तिच्या तोंडात बोळा कोंबण्याचा विचार स्वप्नातही करणार नाही, तिच्याच घरात गिझरच्या झडपेला बूच मारले जाते, याचे कारण एवढेच की कुकर डोळ्यांसमोर असतो आणि गिझर डोक्याच्या वर.

भोपाळात राहून सुरक्षा-झडपेविषयी लिहावयाचे आणि एका रात्रीचा उल्लेख टाळावयाचा, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत, जेथे सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते, पाणी शिरले, प्रचंड उष्णता निर्माण करणारी रासायनिक क्रिया सुरू झाली, आणि टाकीतील दाब झपाट्याने चढत गेला. तेव्हा टाकीची संरक्षक चकती फाटली आणि सुरक्षा-झडप उघडली. दाब उतरल्यावर ती पुन्हा मिटलीही, आणि टाकी फुटली नाही. झडपेने आपले काम चोख केले होते. परंतु ती ज्या वाटेवर उघडली, त्या वाटेवरची कोणतीही व्यवस्था आपल्या कामास उभी नव्हती: टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा महिनोन् महिने बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता, वायू धुऊन निरुपद्रवी करणारे यंत्र त्या लोंढ्यापुढे अपुरे होते, आणि पाण्याचे फवारे धुराड्याच्या तोंडापर्यंत पोहोचत नव्हते. वायू जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला आणि रेल्वे स्टेशन या बाजूंस झोपेत असलेल्या माणसांवर उतरला. हजारो माणसे गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे ती रात्र अजून आपल्या फुप्फुसांत आणि डोळ्यांत वागवीत आहेत. त्या संहाराची आणि घरातल्या गिझरची तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. मात्र सुरक्षा-झडप ही एकटी कधीच पुरेशी नसते, तिच्या मागे काय बिघडले आहे आणि तिच्या पुढे निघालेले द्रव्य कोठे जाणार आहे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सिद्ध असावी लागतात, हा नियम या शहराइतक्या जबर किमतीने क्वचितच कोणी शिकला असेल. आणि नियम लहान यंत्रासही तितकाच लागू आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे पाणी खरोखर झडपेतूनच येते की काय याची खातरजमा करणे. कोरड्या फडक्याने गिझरचा तळ, दोन्ही पाईपांचे सांधे आणि झडप नीट पुसून घ्यावी, आणि प्रत्येक जागी वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळून कोणती पट्टी आधी भिजते ते पाहावे. सांध्याची पट्टी भिजली तर आट्यांवरची टेफ्लॉनची फीत नव्याने गुंडाळून काम भागते. तळाच्या झाकणातून, म्हणजे जेथे तापकाची तार आत शिरते तेथून पाणी येत असेल, तर प्रश्न गळतीचा राहत नाही, विजेचा होतो. गिझर तत्क्षणी बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत त्यास हात लावू नये.

पाणी झडपेच्या छिद्रातूनच येते असे ठरले, म्हणजे पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की ते केव्हा येते. छिद्राखाली एक पेला टांगावा, गरम पाण्याची तोटी बंद ठेवावी आणि गिझर चालू करावा. पाणी तापत असतानाच थेंब पडले, तांबडा दिवा विझल्यावर थोड्या वेळात ते थांबले, आणि पेल्यात साचलेले पाणी वर सांगितलेल्या पाव लिटरच्या, मोठ्या टाकीत चारशे मिलिलिटरच्या, आतच राहिले, तर झडप उत्तम स्थितीत आहे, आणि तिला बिघडलेली समजून बदलणेही व्यर्थ आहे. फुगलेल्या पाण्याचा हिशेब तिने चोख चुकता केला एवढेच झाले. या स्थितीत करावयाचे काही असेल तर ते पाणी न्हाणीच्या मोरीपर्यंत नेणारी नळी जोडणे, एवढेच.

रात्रभर गिझर बंद आहे, पाणी गार आहे, आणि तरीही थेंब पडतच आहेत, अशी स्थिती असेल तर अर्थ अगदी निराळा होतो, आणि येथे थोडे गणित उपयोगी पडते. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असला म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. भोपाळच्या जुन्या-नव्या वसाहतींतील दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी न्हाणीतल्या गिझरहून पाच-सहा मीटर उंच असेल; तिचा दाब अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ८ किलोग्रॅमला उघडावयाची झडप त्याने उघडणे शक्यच नाही. म्हणून अशा घरात गार स्थितीतली गळती हा झडपेचाच दोष समजावा: बैठकीवर वाळूचा कण अडकला आहे, क्षाराचा थर बसला आहे, रबराची चकती कडक झाली आहे, किंवा स्प्रिंग थकली आहे. बहुमजली इमारतीत मात्र, जेथे वरची टाकी खालच्या मजल्यांच्या कितीतरी वर असते, किंवा शॉवरला जोर यावा म्हणून ज्यांनी दाबाचा पंप बसविला आहे तेथे, आधी दाबमापक लावून पाहणे इष्ट. दाब खरोखर फार असेल तर नव्या झडपेनेही सुटका होणार नाही, आणि दाब कमी करणारी निराळी झडप मुख्य नळावर बसवावी लागेल.

वाळूचा कण आणि क्षाराचा थर यांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण भोपाळच्या घरांत पाणी एका ठिकाणचे नसते. मोठ्या तलावाचे पाणी, कोलार धरणाचे पाणी, अलीकडे नर्मदेवरून आणलेले पाणी, आणि नव्या वसाहतींत खोल कूपनलिकेचे पाणी, असे चार प्रकार शहरात चालू आहेत, आणि कित्येक घरांत एकाच गच्चीवर नळाचे व कूपनलिकेचे पाणी मिसळते. जमिनीखालून येणारे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे आपल्यात विरघळवून घेते. तेच पाणी तापविले की ती मोडतात आणि न विरघळणारे कार्बोनेट पांढऱ्या खरपुडीच्या रूपाने तापकावर, टाकीच्या पत्र्यावर आणि झडपेच्या बैठकीवर बसते. पाणी जितके अधिक तापवावे तितकी खरपुडी लवकर धरते. गिझरची कळ पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास ठेवली तर स्नानाला पाणी कमी पडत नाही, वीज वाचते, आणि झडपेचे आयुष्य वाढते. तरीही शेवटच्या खुणेपर्यंत कळ फिरवून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. झडपेला बारीक दांडी असेल तर पाणी पूर्ण गार असताना ती दोन-चार वेळा उचलून सोडावी; जोराने निघालेल्या पाण्याबरोबर कण वाहून गेला तर गळती तेथेच थांबते. फार जुनी झडप एकदा उचलली की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून हा प्रयोग नवी झडप हाताशी ठेवून करावा.

तिसरी स्थिती भीतीची आहे. छिद्रातून थेंबांच्या ऐवजी कढत पाण्याची धार किंवा वाफ येते, टाकीत खदखद ऐकू येते, १५ लिटरच्या गिझरचा तांबडा दिवा अर्ध्या तासाहून बराच वेळ उलटला तरी विझत नाही, ही लक्षणे थर्मोस्टॅट चिकटल्याची होत, आणि या वेळी ती लहानशी झडप घर आणि अपघात यांच्या मध्ये एकटी उभी असते. न्हाणीत न जाता बाहेरच्या पेटीतला एमसीबी खाली करावा. झडपेला हात लावू नये. गरम पाण्याची तोटी उघडून दाब कमी करावा असे कोणी सुचविले तर ऐकू नये, कारण त्या तोटीतून उकळते पाणी आणि वाफ अंगावर उसळेल. दार लोटून घ्यावे, मुलांना दूर ठेवावे, आणि टाकी काही तास आपोआप निवू द्यावी. मग वायरमनला बोलवावे. येथे काम प्लंबरचे नाही. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बदलून घ्यावेत, आणि एवढ्या तापाला तोंड दिलेली झडपही नवी घालावी, ती दिसावयास धडधाकट असली तरी.

कधीच न गळणाऱ्या झडपेकडेही संशयाने पाहावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. याच झडपेच्या पोटात पाणी परत फिरू न देणारी एक दुसरी पडदी असते. ती धरीनाशी झाली की फुगलेले पाणी थंड पाण्याच्या पाईपातून मागे जाते, आणि त्याची खूण म्हणजे गिझर तापल्यावर शेजारची थंड पाण्याची तोटी उघडली असता प्रथम कोमट पाणी येते. गच्चीवरच्या टाकीपर्यंत वाट मोकळी आहे तोवर यात तत्काळ धोका नाही. परंतु गावाला जाताना कोणी गिझरचा कॉक बंद केला आणि वीज मात्र चालू राहिली, म्हणजे तीही वाट मिटते. कोमट पाणीही येत नाही आणि थेंबही पडत नाही, तेव्हा छिद्र क्षाराने आपोआप बुजले असण्याचा संभव असतो. प्लंबरने लावलेल्या बुचाइतकेच ते वाईट. हिवाळ्याच्या आरंभी, गिझर प्रथम चालू करण्यापूर्वी, गार पाण्यात दांडी उचलून धार येते की नाही हे पाहण्याचा दस्तूर प्रत्येक घराने पाळावा. टाकी रिकामी होताना तीत हवा आत घेणे हेही याच झडपेकडे सोपविलेले असते. ते झाले नाही तर आतली पातळ टाकी पोकळीने आत ओढली जाऊन चेपते.

झडप दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. तिची स्प्रिंग कारखान्यात ठराविक दाबावर बसविलेली असते. ती ताणून, कापून किंवा खाली चकती घालून गळती थांबविणे म्हणजे सभ्य रीतीने बूच मारणेच होय. दुकानात सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून मागितली की अर्धा इंची आट्यांची झडप मिळते आणि तिची किंमत गिझरच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. घेताना तिच्या अंगावर कोरलेला दाब आणि गिझरच्या पाटीवर छापलेला टाकीचा दाब ताडून पाहावा. बहुतेक पाट्यांवर ०.८ मेगापास्कल असा आकडा असतो, आणि झडपेचा आकडा त्याहून अधिक असता कामा नये. बसविण्यापूर्वी एमसीबी खाली करावा आणि प्लग काढावा, पाणी निवू द्यावे, थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याची तोटी उघडावी म्हणजे उरलेला दाब उतरतो, मग टाकी खाली करून जुनी झडप उतरवावी. नवी झडप तिच्यावरच्या बाणाची दिशा टाकीकडे राहील अशीच बसवावी. झडप आणि टाकी यांच्या मध्ये दुसरा कोणताही कॉक बसवू देऊ नये. सोयीसाठी असा कॉक सुचविणारे कारागीर भेटतात, पण तो मिटलेला असताना खाली झडप असून नसल्यासारखी. शेवटी तोटीतून हवेचे फुसफुस संपून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी, आणि त्यानंतरच वीज जोडावी. कोरड्या तापकाला वीज मिळाली की तो जळतो.

निकासाची नळी हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग. छिद्राला ती घट्ट बसवून, सतत उताराने, कोठे वर न चढविता, मोरीच्या जाळीजवळ आणावी आणि तिचे टोक उघडे व डोळ्यांना दिसेल असे ठेवावे, म्हणजे थेंब केव्हा पडतात याची नोंद घरातल्या कोणालाही घेता येते, कढत पाणी आलेच तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर पडत नाही, आणि भिंतीवरून ओघळून स्विचच्या पेटीत जात नाही. जी ओल नकोशी वाटते म्हणून छिद्र बुजविले जाते, ती या हातभर नळीने मुळातच नाहीशी होते.

भाड्याच्या, सरकारी किंवा कारखान्याच्या वसाहतीतल्या घरांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक तजवीज सांगतो. तक्रारवहीत नुसते ‘गिझर गळतो’ असे लिहिले, तर कारागिराला गळती बंद करण्याचा हुकूम मिळतो आणि गळती बंद झाली की तक्रार निकालात निघते. छिद्र बुजवूनही ती निकालात निघते, आणि दप्तरात काम पूर्ण झाल्याची नोंद पडते. म्हणून झडप केव्हा गळते, पाणी तापताना की गार असताना, हे प्रथम लिहावे. त्याखाली सुरक्षा-झडप नवी बसविणे, थर्मोस्टॅट तपासणे आणि निकासाची नळी मोरीपर्यंत नेणे असा कामाचा तपशील तारखेसह नोंदवावा. काम झाल्यावर सही करण्यापूर्वी स्टुलावर चढून छिद्र मोकळे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि ते बुजविलेले आढळले तर सही देऊ नये.